कोणता आठवडा? सोनोग्राफीच्या टेबलावरून दिसणारी गर्भाची वाढ

सोनोग्राफीला आलेल्या बाईला आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटची पाळी कधी आली होती? उत्तर तारखेत क्वचितच येतं. "पोळ्याच्या दोन दिवस आधी", "मारबत निघाली ना जी, त्या दिवशी", "भाच्याच्या लग्नात". मग भिंतीवरचं कॅलेंडर मागे चाळून तारीख काढायची. सणवारावरून निघालेली तारीख "ऑगस्टमध्ये असंल"पेक्षा कितीतरी भरवशाची निघते, हा नागपुरातला आमचा अनुभव. पुढचं सगळं या तारखेवर उभं असतं. गर्भात प्रत्येक अवयवाचा आठवडा ठरलेला आहे. आठवडाच चुकला तर ठणठणीत गर्भ खुरटलेला वाटतो आणि खुरटलेला ठणठणीत.

बाळंतपणाची तारीख काढायला पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि नऊ महिने पुढे जायचं. १० जूनला पाळी आली असेल तर १७ मार्च. हे झाले २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आज्यांचा नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेबही याच्या अगदी जवळ जातो. पण हा हिशेब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. जिची पाळी ३५ दिवसांनी येते, तिचं स्त्रीबीज आठवडाभर उशिरा सुटतं, म्हणून तिच्या तारखेत आणखी सात दिवस धरावे लागतात. गर्भ खरोखर राहतो तो पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, त्यामुळे गर्भाचं खरं वय आमच्या आकड्यापेक्षा दोन आठवड्यांनी कमी असतं. वाचून आलेले नवरे इथे हमखास गोंधळतात. खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे सगळे आठवडे पाळीपासूनचे आहेत.

पहिले चार आठवडे पडद्यावर काहीच दिसत नाही. स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तास जिवंत राहतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. मीलन होतं ते गर्भनलिकेच्या बाहेरच्या रुंद भागात. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ, चौथ्या दिवशी पेशींचा घट्ट गोळा, पाचव्या दिवशी आत पोकळी असलेला ब्लास्टोसिस्ट. पेशी वाढत जातात, पण एकूण आकार जवळपास तोच राहतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, कारण बाहेरचं कवच अजून फुटलेलं नसतं. हे सगळं पाहायला मिळतं ते आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना. तिथे ३७ अंशांवर ठेवलेल्या भ्रूणांपैकी साधारण निम्मेच पाचव्या दिवसापर्यंत पोहोचतात, आणि अडखळतात ते बहुधा तिसऱ्या दिवसाच्या सुमारास. तोवर गाडी स्त्रीबीजात साठवलेल्या शिदोरीवर चालते. चार ते आठ पेशींच्या दरम्यान भ्रूणाचे स्वतःचे जनुक कामाला लागतात, आणि ज्यांच्या गुणसूत्रांत मोठा घोळ असतो त्यातले अनेक तिथेच थांबतात. घरी याची कुणाला चाहूलही लागत नाही. पाळी येते, फार तर दोन-चार दिवस उशिरा.

सहाव्या-सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट कवचातून बाहेर पडून गर्भपिशवीच्या अस्तरात रुतायला लागतो आणि दहाव्या दिवसापर्यंत पूर्ण आत जातो. त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडतात. लघवीची पट्टी ओळखते ती हेच. सुरुवातीला ते रक्तात दर दोन दिवसांनी साधारण दुप्पट होत जातं. तसं झालं नाही, गर्भपिशवी रिकामी दिसली आणि एका बाजूला दुखत असेल, तर गर्भ गर्भनलिकेतच अडकल्याची शंका घ्यायची. पट्टी पॉझिटिव्ह, पोटात कळ, चक्कर आणि खांदा दुखणं हे एकत्र आलं, तर सोनोग्राफीच्या रांगेत बसायचं नाही, थेट कॅज्युअल्टीत जायचं. नळी फुटून पोटात रक्त साठलेली बाई बाहेरून पाहताना अर्धा तास अगदी बरी दिसू शकते.

पाचव्या आठवड्यात आतून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीच्या अस्तरात एका बाजूला छोटी काळी सॅक, म्हणजे गर्भाची पाण्याची थैली, दिसते. साडेपाचला तिच्यात यॉक सॅकची, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणाऱ्या लहान पिशवीची, गोल कडी, सहाव्यात त्या कडीला टेकून दोन-चार मिलिमीटरचा गर्भ आणि त्यात लुकलुकणारे ठोके. पोटावरून पाहिलं तर हेच सगळं आठवडाभर उशिरा दिसतं, म्हणून सहाव्या आठवड्यात पोटावरून "ठोके नाहीत" असं कुणी म्हटलं तर त्याला फार अर्थ नाही. ठोके सुरुवातीला मिनिटाला १००-११५, नवव्या आठवड्यात १७०च्या आसपास, मग हळूहळू खाली. ते मोजायला आम्ही एम-मोड, म्हणजे हालचाल रेषेत दाखवणारी पद्धत, वापरतो. "आवाज ऐकवा ना" असा आग्रह होतो, पण आवाजाला डॉपलर, म्हणजे रक्ताची धाव टिपणारी पद्धत, लागतो, आणि इतक्या लहान गर्भावर डॉपलरची ऊर्जा विनाकारण टाकायची नाही असा नियम आहे.

गर्भ थांबला आहे हे जाहीर करायला कडक आकडे आहेत: लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा सॅक सरासरी २५ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नाही. याच्या एक मिलिमीटर अलीकडे असलं तरी उत्तर "थांबा, पुन्हा बघू" हेच, आणि ते बहुतेकदा सात ते चौदा दिवसांनी. याच काळात डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी, सीआरएल, मोजून वय पक्कं होतं. लहान गर्भात मिलिमीटरमधल्या लांबीत ४२ मिळवले की वय दिवसांत मिळतं. १६ मिलिमीटर म्हणजे ५८ दिवस, आठ आठवडे दोन दिवस. पाळीची तारीख आणि ही लांबी यांत नवव्या आठवड्याआधी पाच दिवसांपेक्षा, त्यानंतर चौदाव्या आठवड्यापर्यंत सात दिवसांपेक्षा जास्त फरक पडला तर सोनोग्राफीची तारीख धरायची. एकदा धरली की पुढच्या कुठल्याही रिपोर्टवरून ती बदलायची नाही. आठव्या महिन्यात "सोनोग्राफीनं तारीख पंधरा दिवस पुढे गेली" असं ऐकू येतं, तेव्हा तारीख तिथेच असते, बाळ लहान असतं. ते लहान का आहे हे शोधायचं सोडून तारीख पुढे ढकलली जाते, हा सगळ्यात महाग पडणारा घोळ.

आता ज्या आठवड्यांबद्दल सगळ्यात जास्त बोलायला हवं ते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या चकतीचे तीन थर होतात. वरच्या थरातून त्वचा आणि मज्जासंस्था, मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, मूत्रपिंडं, खालच्यातून आतडी आणि फुप्फुसांचं अस्तर. वरच्या थराचा मधला पट्टा दुमडून मेंदू आणि मज्जारज्जूची नळी होते. ती मानेच्या भागात आधी जुळते आणि मग दोन्ही टोकांकडे बंद होत जाते. डोक्याकडचं टोक २५व्या दिवसाच्या आसपास, कमरेकडचं २७-२८व्या दिवशी. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू बनत नाहीत, खालचं राहिलं तर पाठीचा कणा उघडा राहतो. गर्भधारणेपासून २८ दिवस म्हणजे पाळीपासून सहा आठवडे, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे. सरकारी कार्यक्रमात बाराव्या आठवड्याआत नोंदणी झाली तरी ती लवकरची धरली जाते. गडचिरोली-गोंदियाकडून नागपूरला येणाऱ्या अनेकींची पहिली सोनोग्राफी तर त्याहून उशिरा होते. तिसऱ्या महिन्यात हातात पडलेली फोलिक ॲसिडची गोळी रक्तासाठी ठीक आहे. त्या नळीसाठी तिचा काही उपयोग नाही. ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी मूल हवं असं ठरल्यापासून, निदान महिनाभर आधी सुरू व्हायला हवी. आधीच्या बाळाला असं व्यंग होतं, किंवा बाई फिटच्या काही गोळ्यांवर आहे, तिला दहापट म्हणजे ४-५ मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर.

गोळ्यांचंही तसंच. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत घातक औषधाचा मारा बहुधा सगळं किंवा काहीच नाही असा असतो: भ्रूण जातो, नाहीतर सावरतो. नंतरचे सहा आठवडे नाजूक. मुरमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट, रक्त गोठू न देणारं वॉरफरिन ही नावं गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांसमोर यायला हवीत. फिटची गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही. झटका आई आणि गर्भ दोघांनाही धोक्याचा असतो.

हाताचे कोंब पायांच्या कोंबांआधी दोन-एक दिवस फुटतात. दहाव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी झालेली असतात, हृदयाचे चार कप्पे झालेले असतात, आणि तीन सेंटिमीटरच्या त्या जिवात जवळपास प्रत्येक अवयवाचा पाया पडलेला असतो. इथून पुढे त्याला भ्रूण न म्हणता गर्भ म्हणतात. पुढचं काम मुख्यतः वाढण्याचं आणि पिकण्याचं. ग्रहणाची भीती इथे आठवड्याच्या हिशेबाने तपासून पाहावी. वरचा ओठ नवव्या आठवड्याच्या आसपास जुळतो, टाळू त्यानंतर महिनाभरात. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं म्हणून खोलीत कोंडून घेतलेल्या बाईच्या बाळाचा ओठ केव्हाच जुळलेला असतो, किंवा केव्हाच फाटलेला. उलट तिला तासन्‌तास पाण्याशिवाय बसवणं हाच त्या दिवशीचा खरा धोका. गर्भसंस्काराच्या सीडीचंही असंच. तिसऱ्या महिन्यात ऐकणारा कान तयार नसतो, आवाजाला प्रतिसाद दिसतो तो २४व्या-२६व्या आठवड्यापासून. आईला बरं वाटत असेल तर तिनं जरूर ऐकावं.

आठव्या ते बाराव्या आठवड्यात आतड्याचा एक वेटोळा नाळेत बाहेर आलेला असतो, कारण यकृत भराभर वाढतं आणि पोटात जागा उरत नाही. बाराव्या आठवड्यापर्यंत तो फिरून आत जातो. दहाव्या आठवड्यात नाळेपाशी फुगवटा पाहून बेंबीचं व्यंग लिहिणं म्हणजे एका कुटुंबाची दोन आठवडे झोप उडवणं.

एनटी स्कॅन, म्हणजे गर्भाच्या मानेमागच्या पाण्याची मोजणी, ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच होतो. मानेमागचं पाणी गर्भ पूर्ण आडवा, बाजूने, मान ना वर ना खाली अशा स्थितीत मोजायचं. मान ताठ वर गेली तर आकडा फुगतो, छातीला लागली तर घटतो. ३.५ मिलिमीटरच्या वर गेलं तर गुणसूत्रं आणि हृदय दोन्हीकडे बघावं लागतं. गर्भ पाठ करून बसला की बाईला कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला सांगतो, खोकायला लावतो, काही खाऊन यायला सांगतो. त्यात तासभर जातो, पण घाईत मोजलेला एनटी काही कामाचा नाही. डबल मार्करचं, म्हणजे गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता सांगणाऱ्या चाचणीचं, रक्त याच सुमारास जातं. नाकाचं हाड, मूत्राशय, पोट, हातपाय आणि कवटी इथेच पाहून घेतो. कवटीच नसण्याचं व्यंग बाराव्या आठवड्यात बहुधा सापडतं.

बाह्य जननेंद्रियं नवव्या आठवड्यापर्यंत मुलामुलीत सारखीच दिसतात, फरक बाराव्याच्या पुढे. तो सांगणं गुन्हा आहे. महाराष्ट्राने याचा कायदा १९८८मध्येच केला, केंद्राचा १९९४चा. प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरला जातो. "फक्त बरं आहे का ते सांगा" म्हणत आडून विचारणाऱ्यांनाही उत्तर एकच मिळतं.

विदर्भात बाराव्या आठवड्याचं आणखी एक महत्त्व आहे, सिकल सेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. इथल्या अनेक समाजांत वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत असलेले, आहेत, आणि वाहकाला काही त्रास नसल्याने त्याला ते माहीतच नसतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता बाळाला आजार असण्याची. पहिलं मूल चांगलं झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. एक वाहक आणि दुसऱ्याला थॅलेसेमियाचा गुण असेल तरीही आजार होऊ शकतो, म्हणून फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे का एवढंच सांगणारी सोल्युबिलिटी चाचणी पुरत नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी करावी लागते. तपासणी लग्नाआधी किंवा निदान पाळी चुकल्याबरोबर व्हावी, कारण पुढचं वेळापत्रक घट्ट आहे. ११ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफीखाली पोटातून सुई घालून वारेचे तंतू काढता येतात. दहाव्याआधी काढायचे नाहीत, हातापायांना इजा होऊ शकते. ती वेळ चुकली तर १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल काढायचं.

तंतूंतून तपासतात तो डीएनए. गर्भाच्या रक्ताकडे बघून त्या वेळी काही कळणार नाही, आणि कारण गर्भाच्या वाढीतच आहे. गर्भाचं पहिलं रक्त यॉक सॅकच्या भिंतीत बनतं, मग सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर ते काम यकृताकडे जातं आणि शेवटच्या तिमाहीत मुख्यतः हाडांच्या मज्जेकडे. या काळात भरते ते गर्भाचं खास हिमोग्लोबिन, ज्याच्या साखळीत सिकलचा दोष बसतच नाही. नमुन्यात आईच्या अस्तराचे तुकडे मिसळले तर निकाल आईचा येतो. म्हणून तंतू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करावे लागतात आणि आईचं रक्तही सोबत पाठवावं लागतं. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डीचं इंजेक्शन विसरायचं नाही. निकालाला आठवडा-दोन आठवडे लागतात. गर्भपाताचा निर्णय झाला तर कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोघांचं लागतं, गंभीर व्यंग त्यात येतं. त्यापुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळ. अठराव्या आठवड्यात नवरा-बायकोची पहिली तपासणी झाली की ही सगळी धावपळ दोन-तीन आठवड्यांत कोंबावी लागते.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत. सोळाव्यात हृदय फार लहान, चोविसाव्यात मंडळाशिवाय निर्णय घ्यायची वेळ हातची गेलेली. मेंदूतल्या पोकळ्या १० मिलिमीटरच्या आत हव्यात. लहान मेंदूची रुंदी मिलिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते, विसाव्या आठवड्यात वीस. पाठीचा कणा उघडा असेल तर खूण आधी डोक्यात दिसते: कपाळाच्या दोन्ही बाजू आत दबलेल्या आणि लहान मेंदू मागे ओढला गेलेला. मग ओठ, हृदयाचे चार कप्पे आणि बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची फुली, जठर डावीकडे, मूत्रपिंडं, नाळेत दोन धमन्या आणि एक शीर, वारेची जागा, गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी. हृदयाच्या पडद्यातलं लहान भोक, ओठ शाबूत असताना फाटलेली टाळू निसटू शकते. काही गोष्टी त्या वेळी असतच नाहीत. लहान आतड्याच्या सुरुवातीचा अडथळा आणि काही प्रकारचं खुजेपण २४व्या आठवड्यानंतरच दिसतं. रिपोर्ट "नॉर्मल" असतो तो त्या दिवसापुरता आणि त्या यंत्रापुरता. वार खाली असली तरी घाबरायचं नाही, पिशवी वाढते तशी बहुतेक वेळा ती वर सरकते. ३२व्या आठवड्यात पुन्हा बघायचं, आणि आधीचं सिझेरियन असेल तर वार त्या टाक्याच्या जागी रुतली नाही ना हे नीट पाहायचं.

सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः गर्भाची लघवी. तो गिळतो, गाळतो, सोडतो. म्हणून पाणी फार कमी असेल तर मूत्रपिंडं आणि वार तपासायची, फार जास्त असेल तर गिळण्याचा मार्ग आणि आईची साखर. मे महिन्यात, पारा ४५च्या आसपास असताना, बसने चार तास प्रवास करून आलेल्या बाईचं पाणी काठावर भरतं. दोन लिटर पाणी पाजून, दोन-तीन तास सावलीत बसवून पुन्हा मोजलं की आकडा बऱ्याचदा वर येतो. ते न करता "पाणी आटलं" म्हणून भरती करण्यात अर्थ नाही. पाणी पिऊनही आकडा हलला नाही, किंवा कपडे ओले होत असतील, तर ते प्रकरण वेगळं.

२८व्या आठवड्यात बाळ किलोभराचं असतं, पापण्या उघडलेल्या असतात, पण फुप्फुसं कच्ची असतात. फुप्फुसांच्या फुग्यांना चिकटू न देणारं सर्फॅक्टंट २४व्यापासून बनायला लागतं आणि पुरेसं होतं ३४-३५ला. त्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला बाळाची फुप्फुसं पिकवणारं डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार डोस. तालुक्याच्या दवाखान्यातून नागपूरला पाठवताना पहिला डोस तिथेच दिला तर प्रवासाचे तासही कामी येतात. या महिन्यांतला वजनाचा अंदाज दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतो. २.८ किलो लिहिलेलं बाळ २.५चं निघालं तर यंत्र बिघडलेलं नाही. "गळ्यात नाळ" हा शब्द रिपोर्टमध्ये पाहून सिझेरियनची तारीख मागणारेही येतात. अशी नाळ चार-पाच बाळांत एकाच्या तरी गळ्यात असते, आणि बहुतेक नीट जन्मतात. लक्ष ठेवायचं ते हालचालीवर. डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर उद्याची वाट पाहायची नाही. डागा, मेयो किंवा मेडिकल ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं, त्यातलं जे जवळ असेल तिथे रात्रीही जायचं.

जन्माच्या वेळी वार ज्वारीच्या मोठ्या भाकरीएवढी, अर्ध्या किलोची असते. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसांतला दाब उतरतो, डावीकडचा वाढतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधली खिडकी मिटते. फुप्फुसांना वळसा घालणारी वाहिनी एक-दोन दिवसांत आकसते. म्हणून काही गंभीर हृदयव्यंगांची बाळं पहिल्या दिवशी गुलाबी दिसतात आणि तिसऱ्या दिवशी निळी पडतात. सुटी देण्याआधी हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

रक्ताचा बदल मात्र सावकाश होतो. जन्मतः ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन गर्भाचंच असतं आणि ते सहा महिन्यांत ओसरतं. सिकलचं बाळ तोवर गुटगुटीत दिसतं, आणि सोल्युबिलिटी चाचणी या वयात खोटा दिलासा देते. आईवडील वाहक असतील तर टाचेतल्या रक्ताची एचपीएलसी मागून घ्यायची. रिपोर्टवर एफ म्हणजे गर्भाचं हिमोग्लोबिन, ए नेहमीचं, एस सिकलचं. एफएएस असेल तर बाळ वाहक. एफएस असेल तर बहुधा आजार, आणि दोन-तीन महिन्यांचं होण्याआधी पेनिसिलीन सुरू करून न्यूमोकॉकसची लस वेळेवर द्यायची, कारण गर्भाचं हिमोग्लोबिन उतरू लागलं की पहिला घाव पाणथरीवर, म्हणजे प्लीहेवर पडतो.